इर्मामावशीच्या भिंतीतलं भोक

"मी आलो की कशी शहाण्यासारखी जळते बघा! माझी पाठ वळली की विझते. शेगडी आहे की शाळकरी पोरगी?" एजिदिओ गुडघे टेकून म्हणाला.

"तूच बघ बाबा. मेकॅनिक तू आहेस," इर्मामावशी भिंतीकडे न बघता म्हणाली.

ही त्या महिन्यातली चौथी खेप. आमच्या डोंगरातल्या अकरा गावांच्या, लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगड्या एजिदिओ सांभाळतो. पहिल्या खेपेला त्याने गोळ्या पडण्याचा वेग कमी केला, दुसऱ्या खेपेला पंखा वाढवला, तिसऱ्या खेपेला धुराडं झाडलं. प्रत्येक वेळी ज्योत पिवळीधमक, नाचरी. तो गेला की दोन तासांत लाल, आळसावलेली, आणि काच डांबरासारखी काळी.

आज रविवार होता आणि दुपारी लोरिस जेवायला येणार होता. लोरिस मावशीचा मुलगा, खाली पादोवा शहरात दातांचा डॉक्टर. त्याने फोनवर बजावलं होतं, "आई, या वेळी घर गार असलं तर तुला खाली घेऊन जाणार." खाली म्हणजे शहरातल्या त्याच्या घरी, पाचव्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून समोरचा पाचवा मजला दिसतो. मावशी आज चर्चला गेली नव्हती. आमच्या गावात याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे, असा घेतात.

एजिदिओने हत्यारं भरली, गाडी कोपऱ्यापर्यंत नेली आणि पायीच परत येऊन खिडकीतून डोकावला. मावशी आपल्या खुर्चीमागच्या भिंतीतल्या भोकात नवऱ्याचं जुनं लोकरी बनियन कोंबत होती.

"मावशी!"

"मग काय करू?" मावशीने हात तसाच भोकात ठेवून विचारलं. "थेट मानेवर येतं. वारं लागून मेले तर शेगडी काय चाटायचीय?"

आमच्या गावात माणसं म्हातारपणाने मरत नाहीत, मानेला वारं लागून मरतात. डॉक्टर दाखल्यावर भलतंच काही लिहितात, ते सरकारी कारण.

"अहो, त्या भोकातून ती श्वास घेते! बुजवलंत की गुदमरते."

"माझ्या आईची चूल साठ वर्षं जळली. तिला कुठं भोक पाडलं होतं?"

"तुमच्या आईचं घर म्हणजेच एक भोक होतं! आता खिडक्या बघा, मुंगीला आत यायचं तर घंटी वाजवावी लागेल. आणि मी येण्याआधी बोळा काढून ठेवता, होय?"

"तू ओरडतोस म्हणून."

"खुर्ची तरी सरकवा."

"इथून रस्ता दिसतो."

एजिदिओने त्या खुर्चीत स्वतः बसून पाहिलं. पाच मिनिटांनी त्याने गुपचूप कॉलर वर केली. भोक तीन वर्षांपूर्वी त्यानेच पाडलं होतं. तिथे भिंत पातळ होती, एवढंच कारण.

मग त्याने गाडीतून वळणारी नळी आणली, एक टोक भोकात घट्ट बसवलं, दुसरं शेगडीच्या पाठीला. आता वारा मावशीची ओळखही न काढता थेट शेगडीत जाऊ लागला. तीन खेपांत फिरवलेली सगळी बटणं त्याने निमूटपणे मूळ जागी आणली. ज्योत उभी राहिली.

लोरिस आला तेव्हा काच लख्ख होती. "काय बिघडलं होतं?" त्याने विचारलं.

मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळणारा मावशीचा हात थांबला.

"मी बिघडवलं होतं," एजिदिओ म्हणाला. "भोक चुकीच्या जागी पाडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

त्याच्या ताटात मावशीने पोलेंटाचा असा डोंगर वाढला, की पलीकडे बसलेला लोरिस दिसेना. लोरिसने कोट काढला, मग स्वेटर काढला, शेवटी घाम पुसत खिडकी उघडायला उठला.

"खबरदार!" दोघं एकदम ओरडली. "घामावर वारं!"

चार वाजता लोरिसची गाडी खाली गेली. त्यात तो एकटाच होता. एजिदिओ गल्लीत उभा राहून मावशीच्या धुराड्याकडे बघत होता. शेगडी नीट जळत असली की वर धूर दिसत नाही, नुसती हवा जराशी थरथरते.

"काय बघतोस रे?" मी माझ्या दारातून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि आणखी बराच वेळ तेच बघत राहिला.