दोघांच्या सह्या

ओफेलियाने फोनवर हात ठेवला आणि काचेच्या भोकातून विचारलं,

“डेल्मिरा, हा नंबर तू शेवटचा कधी वापरलास?”

“दर वर्षी,” डेल्मिरा म्हणाली. “दर फेब्रुवारीत. फेर्मीन भरतो ना, आमच्या दोघांचा टॅक्स.”

ओफेलियाने मास्क नाकावर ओढला, पलीकडच्या सरकारी बाईला इंग्रजीत आणखी दोन प्रश्न विचारले आणि आभार मानून फोन ठेवला. पाऊण तास दोघींनी त्या फोनवर तेच ते संगीत ऐकलं होतं. दुकानाच्या पुढच्या भागात मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे फुगीर झगे भाड्याने मिळत आणि मागे, त्या झग्यांच्या आडोशाला, ओफेलियाचं टॅक्सचं टेबल होतं. कोंबड्यांच्या कारखान्यातलं निम्मं गाव या टेबलापाशी येऊन जायचं. कुणाची किती कमाई, कुणाची किती पोरं, सगळं ओफेलियाला पाठ होतं आणि ती त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. आमच्या गावात असं माणूस एकच.

“नंबर बंद झालाय,” ती म्हणाली. “सलग तीन वर्षं कुठल्याच अर्जावर आला नाही की ते लोक बंद करून टाकतात.”

“त्यांची चूक झाली असेल.”

“होतात त्यांच्याही चुका,” ओफेलिया म्हणाली आणि ड्रॉवर उघडून आतली पेनं उगाच नीट लावत बसली.

डेल्मिराने प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पत्र काढून काचेला चिकटवून धरलं. इथल्या सरकारने तिच्या नावावर पाठवलेला हा एकमेव कागद. ज्यांच्याकडे या देशाचे कागद नाहीत त्यांना टॅक्स भरण्यापुरता नऊने सुरू होणारा नंबर देतात, तो तिला लग्नानंतर याच टेबलावरून मिळाला होता. त्या वर्षी अर्जावर दोन ठिकाणी सही केल्याचं तिला चांगलं आठवत होतं. पुढच्या वर्षी फेर्मीन म्हणाला, पलीकडच्या गावातला माणूस चाळीस डॉलर कमी घेतो, आणि आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, तुझी सही लागत नाही. एक काम कमी झालं म्हणून कोण हळहळतं? तीही हळहळली नव्हती.

आज ती आली होती ती मोठ्या आनंदात. गेल्या वसंतात, साथीच्या काळातली मदत म्हणून, सरकारने माणशी बाराशे डॉलर वाटले, पण नवरा-बायकोने एकत्र टॅक्स भरला असेल आणि त्यातल्या एकाचा नंबर नऊवाला असेल, तर दोघांनाही दमडी मिळणार नव्हती. फेर्मीन टेक्सासात जन्मलेला, इथलाच नागरिक, तरी त्यांच्या घरी चेक आला नाही. रेडिओवर हा नियम ऐकून ‘माझ्यामुळेच असेल,’ असं पहिल्यांदा म्हणाली होती ती डेल्मिराच. तिच्या सासूने, दोन्या ओर्तेन्सियाने, ते वाक्य उचललं आणि दहा महिने खाली ठेवलं नाही. दूध संपलं की, ट्रकचं चाक बसलं की, शेजारणीने नवा फ्रीज आणला की. उन्हाळ्यात वरचे दात नवे बसवल्यापासून तर तिचा प्रत्येक शब्द लखलखीत ऐकू यायचा.

मग डिसेंबरात कायदा बदलला. जोडीतल्या ज्याचा नंबर नऊवाला नाही त्याला पैसे मिळणार, गेल्या वर्षीचेसुद्धा, फक्त यंदाच्या अर्जात मागायचे. डेल्मिरा कारखान्यातल्या बायकांची पोरं सांभाळते. रेडिओवर ही बातमी लागली तेव्हा ती एकाला भरवत होती. तिने चमचा टाकून पोराला असं कवटाळलं की ते घाबरून रडायला लागलं. तिच्यामुळे गेलेले पैसे आता तिच्याच हाताने परत येणार होते.

तिने पत्र खाली केलं.

“सेन्योरा, एक विचारू? आम्ही एकत्र भरलंच नसेल तर? म्हणजे एखाद्याने लिहिलं की मला बायकोच नाही. तर त्याला मिळाले असते पैसे?”

“मी दुसऱ्याच्या कागदांबद्दल बोलत नाही, तुला माहीत आहे.”

“मी एखाद्याबद्दल विचारतेय.”

ओफेलियाने ड्रॉवर बंद केला.

“मिळाले असते. एप्रिलमध्येच.”

डेल्मिराने पत्र नीट चार घड्या घालून पिशवीत ठेवलं. ओफेलियाने सांगितलं की नंबर पुन्हा चालू करता येतो. पासपोर्ट जोडायचा आणि सोबत यंदाचा टॅक्सचा अर्ज. एकत्र भरायचा तर दोघांच्या सह्या लागतील.

“दोघांच्या,” डेल्मिरा म्हणाली. “बरं.”

तीन वाजता पाळी सुटली. कारखान्याच्या आवारातून माणसं रबरी बूट हातात घेऊन बाहेर पडली, अंगाला तो वास तसाच. फेर्मीन ट्रकपाशी आला तर डेल्मिरा आत बसलेली. तो हसला. मग तिच्या मांडीवरची पिशवी दिसली आणि त्याचं हसू गेलं.

“तू ओफेलियाकडे गेली होतीस?”

“तू मला कागदावरून कधी काढलंस?”

फेर्मीन आत बसला, दार लावलं आणि किल्ली हातातच ठेवून समोरच्या कुंपणाकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. तो तिचे पाय चेपायचा, ती आजारी पडली तर रजा टाकायचा, आणि संकट आलं की मान खाली घालून ते निघून जाण्याची वाट बघायचा.

“त्या वर्षी कागद नसलेल्यांची धरपकड चालू होती ना,” तो म्हणाला. “कारखान्यातल्या चिलोच्या बायकोला घरातून उचलून नेलं. मला वाटलं, तुझं नाव आणि आपला पत्ता मीच हाताने सरकारला लिहून कशाला देऊ? म्हणून एकटा आहे असं लिहिलं. एकाच वर्षापुरतं. मग दुसऱ्या वर्षी बदललं तर विचारतील, म्हणून तसंच ठेवलं.”

“आणि बाराशे?”

“आईचे दात,” फेर्मीन म्हणाला. “उरले ते टायरला गेले.”

डेल्मिराच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, फेर्मीनला कळलं नाही.

“दहा महिने, फेर्मीन. दहा महिने ती मला त्या चेकवरून खाते आहे. तू समोर बसून जेवत होतास.”

“तूच आधी म्हणालीस, माझ्यामुळे असेल. मी फक्त… नाही म्हणालो नाही.”

एक बस निघून गेली, मग दुसरी. डेल्मिराला खरं विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं. उत्तर काय येणार हे तिला ओफेलियाच्या टेबलापाशीच कळून चुकलं होतं.

“वकिलाकडची माझी फाईल? इथले कागद मिळायची?”

फेर्मीनने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“लग्न खरं आहे याचा पुरावा मागितला होता त्यांनी. दोघांच्या नावाचे टॅक्सचे कागद. ते कुठून देणार होतो? मुदत होती नव्वद दिवसांची. ती गेली.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली.”

दोन वर्षं. डेल्मिराने मनात महिने मोजले. तिचे वडील तिकडे तिच्या देशात, ओलान्चोत वारले त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हा ती बॅग भरायला बसली होती आणि फेर्मीननेच तिचे खांदे धरून सांगितलं होतं, फाईल चालू आहे, आता देशाबाहेर पाऊल टाकलंस तर सगळं संपलं, दहा वर्षं परत येता येणार नाही. तिने ऐकलं. भावाने फोन धरला आणि तिने वडिलांची पेटी खाली उतरताना छोट्याशा पडद्यावर पाहिली. मधेच रेंज गेली, ती परत आली तेव्हा माती टाकून झाली होती.

तिने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, फेर्मीनलाही बरं वाटलं असतं. तिने फक्त सीटबेल्ट लावला.

“चल,” ती म्हणाली. “टेबल सहापर्यंत उघडं असतं. दोघं सही करू.”

“डेल्मिरा, ऐक. आता एकदम दोन नावं टाकली तर मागची चार वर्षं उकरतील. दंड लावतील. कारखान्याला कळलं तर नोकरी जाईल. मग तू, मी, आई, कुठे जायचं?” तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. “मी विचार केलाय. तू पोरं सांभाळतेस, तुझी कमाई आहे. तू तुझा अर्ज वेगळा भर. नंबर चालू होईल. फक्त तूही लिही की लग्न झालेलं नाही. मग दोघांचे कागद जुळतात. दोन-तीन वर्षांनी सगळं थंड झालं की चर्चमध्ये पुन्हा लग्न करू, नवं, आणि तिथून नीट सुरू करू.”

हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की डेल्मिरा क्षणभर बघतच राहिली. हा माणूस तिला वाचवतो आहे असंच त्याला मनापासून वाटत होतं.

“उद्या सकाळी मी सोडतो तुला,” तो म्हणाला. ती काही बोलली नाही, आणि गप्प बसणं म्हणजे हो, असं या घरात आधीच ठरून गेलेलं होतं.

रात्री जेवताना दोन्या ओर्तेन्सियाने तोर्तियाचा तुकडा मोडून राजम्यात बुडवला.

“मग? काय म्हणाली टॅक्सवाली? की यंदाही आमच्या दारात अंधारच?”

“वेळ लागेल म्हणाली,” फेर्मीन घाईने म्हणाला.

“वेळ! तो तर आम्हाला लागणारच. गल्लीत सात घरांत चेक आले, आमच्याच घरात शहाणी सून आली.”

डेल्मिरा सासूच्या तोंडाकडे पाहत होती. दात खरोखर चांगले होते. सरळ, एकसारखे, जरा जास्तच पांढरे. म्हातारी त्या दातांनी तिला चावत होती आणि ते कशाचे आहेत हे बिचारीला ठाऊकच नव्हतं.

“काय बघतेस गं अशी?”

“छान बसलेत तुम्हाला,” डेल्मिरा म्हणाली. “दात.”

दोन्या ओर्तेन्सियाला टोमण्याची सवय होती, कौतुकाची नव्हती. तिने तोंडावर हात ठेवला आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा ताटात पाहत होता. म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, काहीतरी विचारावं असं तिच्या मनात आलं असणार, पण तिने ते विचारलं नाही. तिने कढईतला राहिलेला राजमा डेल्मिराच्या ताटात वाढला. असं तिने यापूर्वी कधी केलं नव्हतं.

सकाळी फेर्मीनने ट्रक दुकानासमोर लावला आणि इंजिन चालूच ठेवलं, थंडी होती म्हणून.

“लवकर ये,” तो म्हणाला. “आणि घाबरू नकोस. एकच चौकोन भरायचा असतो.”

डेल्मिरा झग्यांमधून वाट काढत मागे गेली. ओफेलियाने पासपोर्ट घेतला, पोरं सांभाळल्याच्या कमाईचे आकडे विचारले, ते कॉम्प्युटरमध्ये भरले. नाव, जन्मतारीख, देश. सगळं पटापट चाललं होतं. मग तिची बोटं थांबली.

“अविवाहित की विवाहित?”

काचेतून, झग्यांच्या फटीतून, ट्रकचा एक दिवा दिसत होता. डेल्मिराने त्याच्याकडे पाहिलं. अविवाहित म्हटलं की सगळं जागच्या जागी राहणार होतं. नोकरी, घर, संध्याकाळचा राजमा, आणि ती, त्या घरात, कुणाचीच नसलेली. विवाहित म्हटलं तर काय होईल हे तिला नीटसं माहीतही नव्हतं. तिला भीती वाटत होती. मास्कच्या आत तिचा श्वास तिलाच गरम लागत होता.

“विवाहित,” ती म्हणाली. “पण अर्ज माझा एकटीचा.”

ओफेलियाने लगेच काही टाइप केलं नाही.

“मग इथे नवऱ्याचं नाव द्यावं लागतं. हे नाव तिकडे गेलं की त्यांचं मशीन दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतं. आज नाही बघणार, पण बघतं. आणि त्यात तुझं भलंच होईल असं मी सांगू शकत नाही. तुला कळतंय ना मी काय म्हणते आहे?”

“कळतंय.”

“बाहेर तोच बसलाय ना?”

“हो.”

ओफेलियाने खुर्ची पुढे ओढली.

“सांग.”

“फेर्मीन ओल्वेरा कास्तान्येदा.” तिने ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. लग्नाच्या दिवशी न्यायाधीशासमोरही तिने ते इतक्या सावकाश म्हटलं नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, हलकेच.

“त्याचा पत्ता?” ओफेलियाने विचारलं.

“माझाच लिहा,” डेल्मिरा म्हणाली. “आम्ही एकाच घरात राहतो.”