दिराचा स्वच्छ अहवाल

विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीवर थोरल्या सुनेची सकाळची पाळी होती. परदेशातून आलेल्याच्या नाकात काडी फिरवायची, ती नळीत बुडवायची, वर नाव चिकटवायचं, की पुढचा. कोरोनाचा नवा प्रकार आल्यापासून बाधित निघालेल्याला चौदा दिवस वेगळं ठेवत. त्यावर तिथल्या लोकांनी एक रीत काढली होती. आपला कुणी आला की काडी स्वतःच्या नाकात फिरवायची आणि नळीवर नाव त्याचं लावायचं. सगळेच करत, म्हणून लाज कुणालाच वाटत नसे.

त्या दिवशी तिचा धाकटा दीर रांगेत होता. डोळे लाल, आवाज बसलेला.

"वहिनी, दहाच दिवसांची रजा आहे. बाबांना बघू तरी दे."

बाबा म्हणजे तिचे सासरे. दम्याने पोखरलेले, महिनाभर मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. तिला चूक कळत होती, पण घरी जाऊन तोंड काय दाखवणार? तिने काडी आपल्या नाकात फिरवली.

दीर घरी येऊन वडिलांच्या खाटेवरच बसला. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना ताप चढला आणि नवव्या दिवशी ते गेले.

चौकशीला पालिकेच्या डॉक्टरीणबाई आल्या. सासऱ्यांना झालेला कोरोनाचा हा नवा प्रकार घरात बाहेरूनच आला असणार, असं त्यांनी सांगितलं. दिराने लगेच आपला स्वच्छ अहवाल पुढे केला. मग सासूबाईंनी दारात उभ्या असलेल्या भांडीवालीकडे बोट दाखवलं. दहा घरची खरकटी काढते, हिनेच आणलं असणार, म्हणाल्या. इमारतीतल्या इतर घरांनीही कालपासून तिला कामावरून बंद केलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला गरीब माणूस बरा सापडतो.

"मी घरात आल्यावर मास्कसुद्धा काढत नाही, ताई," भांडीवाली थोरल्या सुनेला म्हणाली. "तुम्हीच सांगा ना यांना."

नवऱ्याने डोळ्यांनी दटावलं. दीर खाली बघत होता. थोरल्या सुनेला स्वतःची किळस आली.

"तो अहवाल माझा आहे, भावजींचा नाही," ती म्हणाली. "नाक माझं होतं. लिहून घ्या, आणि भावजींच्या विमानातल्या सगळ्यांना तपासायला बोलवा."

सासूबाईंचं भांडीवालीकडचं बोट खाली आलं. नोकरी गेलीच तुझी, असं नवरा पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, असं किती जणांचं केलंत?

"मी एकाचंच. पण तिथे सहा खिडक्या आहेत, आणि घरची माणसं सगळ्यांनाच आहेत."