आडनाव नसलेला ब्लॉग

मी एक कीबोर्ड बोलतोय. मूळचा दुधी रंगाचा, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला. मला डोळे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मला बोटं कळतात आणि ऐकू येतं. पुढं जे सांगणार आहे, ते एवढ्याच भांडवलावर.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. माझ्यासारखे हजारो एका दिवसात जन्मले आणि थर्मोकोलमध्ये झोपले. मला जाग आली ती दोन हजार चार साली, पुण्यात, विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला लागून असलेल्या एका दोन खोल्यांच्या घरात. आम्रपाली नावाच्या मुलीनं कॉम्प्युटर आणला होता. ती हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होती. तिचे वडील रतन ओव्हाळ त्याच महिन्यात सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते.

“बाबा, हे तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “आईच्या कामात चुका काढत बसण्यापेक्षा हे बरं.”

“चुका असतात म्हणून काढतो,” रतन म्हणाले.

त्यांची बोटं माझ्यावर पहिल्यांदा पडली, तेव्हाच मला कळलं की हा माणूस साधा नाही. ते छत्तीस वर्षं कचेरीत लघुलेखक होते. साहेब बोलणार, हे टिपून घेणार आणि मग टाइप करणार. मराठी टाइपरायटरची सवय असल्यामुळे ते माझ्यावर नको तितक्या जोरात आपटत. शिवाय माझ्यावर अक्षरं इंग्रजी. ‘क’साठी इंग्रजी के दाबायचा, हे त्यांना अपमानास्पद वाटलं. आठवडाभर ते चिडचिड करत होते. नंतर बोटांनी परस्पर तडजोड करून टाकली.

दोन हजार सहा साली आम्रपालीनं त्यांना ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘आळंदी रस्त्यावरून’. लेखकाचं नाव लिहायच्या चौकोनात रतन यांनी ‘रतन’ एवढंच टाइप केलं आणि थांबले. पुढं काही लिहिलं नाही. आम्रपालीला घाई होती, तिनं पुढचं बटण दाबायला सांगितलं.

ते रोज सकाळी चहा झाल्यावर दोन तास लिहीत. लिहून झालं की बायकोला वाचून दाखवत. हिराबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्याही निवृत्तीला आलेल्या. त्या ऐकता ऐकता भाजी निवडत आणि मध्येच म्हणत, “हे लांबलंय.” बहुतेक वेळा ते खरं असे.

ते काय लिहीत? विश्रांतवाडीच्या चौकात उभा असलेला माणूस मोबाइलवर “शिवाजीनगरला पोचलोच” असं सांगतो, ते. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकेचाळीस चेहरे आहेत आणि त्यांतल्या तेवीस जणांनी गॉगल लावलाय, ते. मतदार यादीत शेजारच्या गृहस्थांचं वय एकशे बारा लागलंय आणि ते दुरुस्त करायला ते स्वतः तीनदा जाऊन आलेत, ते. नेटवरच्या माणसांविषयी तर पुष्कळ. ‘नेटवर माणूस भांडतो आणि भांडण संपल्यावर घरी जात नाही, कारण तो घरीच असतो,’ असं त्यांनी एकदा लिहिलं. त्या वाक्याला बासष्ट प्रतिक्रिया आल्या आणि त्यांतल्या चाळीस भांडणाच्या होत्या.

प्रतिक्रिया देणाऱ्यांची नावं ऐकून हिराबाईंना मजा वाटे. अनामिक, खवट पुणेकर, पुन्हा अनामिक. खऱ्या नावानं लिहिणारे थोडे. त्यांत एक होते दीनानाथ. तेही नुसतेच दीनानाथ. शनिवार पेठेत राहणारे, निवृत्त मराठीचे शिक्षक. पहिल्या प्रतिक्रियेत त्यांनी लिहिलं होतं, “लेख उत्तम. ‘पूर्वी’मधला ‘पू’ दीर्घ असतो.” रतन यांनी तो त्याच मिनिटाला दुरुस्त केला.

“हा माणूस कामाचा आहे,” ते म्हणाले.

दोन वर्षं त्या कामाच्या माणसानं एकही लेख चुकवला नाही. रतन लेख टाकला की उठून जायचे नाहीत, दीनानाथांची वाट पाहायचे. कौतुक आलं की लगेच उत्तर टाइप करायचे आणि त्या वेळी त्यांची बोटं नेहमीपेक्षा हलकी पडायची.

एकदा दीनानाथांनी लिहिलं, “अशी स्वच्छ मराठी आता आपल्याच घरांतून उरली आहे.”

रतन यांनी ते मोठ्यानं वाचलं. हिराबाईंचा भाजी निवडायचा आवाज थांबला.

“आपल्याच म्हणजे कुणाच्या?” त्यांनी विचारलं.

रतन यांनी माझ्यावर लिहिलं, ‘महोदय, माझे वडील’. मग खोडलं. ‘आमच्या घरी’ लिहिलं. तेही खोडलं. शेवटी ‘आभारी आहे’ लिहून पाठवून दिलं. लोकांना पाठवलेलं तेवढं दिसतं. खोडलेलं फक्त माझ्याकडे असतं, आणि मला त्याचं काही करता येत नाही.

दोन हजार आठ साली आरक्षणावर कोर्टाचा एक निकाल आला आणि नेटवरच्या झाडून सगळ्या मराठी पानांवर तोच विषय सुरू झाला. रतन यांनी त्यावर काहीच लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं कचेरीतल्या एका खुर्चीविषयी, जिचा एक पाय आखूड होता आणि जी दर नव्या माणसाला दिली जाई. त्या लेखाखाली दीनानाथांची प्रतिक्रिया आली.

रतन यांनी ती वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात आवाज बारीक केला. हिराबाई म्हणाल्या, “नीट वाचा.”

“रतनराव, आपण सौजन्यापोटी लिहिले नाही, पण खरी गोष्ट आम्हांस कळते. आपल्यासारख्या गुणी माणसाला आखूड पायाची खुर्ची आणि राखीव जागेवरून आलेल्यांना बढत्या. ज्यांना एक अर्ज धड लिहिता येत नाही, त्यांच्या हाताखाली आपण किती वर्षे काढली असतील, याची कल्पना करवत नाही.”

त्याखाली संध्याकाळपर्यंत तीस जणांनी मान डोलावली. कुणी आपल्या काकांचं उदाहरण दिलं, कुणी मेहुण्याचं. सगळ्यांना रतनरावांची कीव आली होती.

आम्रपाली कामावरून आल्यावर तिनं ते पाहिलं. “बाबा, कमेंट्स बंद करून टाका ना. सिंपल आहे. सेटिंगमध्ये ऑप्शन आहे.”

“आणि?”

“आणि काय? इग्नोर करायचं. आमच्या ऑफिसमध्ये पण लोक लंचला काहीही बोलतात. मी हेडफोन लावते.”

मग हिराबाईंनी रतनना विचारलं, “तुम्ही आडनाव का लिहिलं नव्हतंत?”

“कुणी विचारलं नाही.”

“त्यांना विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी परस्पर आपलं लावून टाकलं. आणि तुम्ही लावून घेतलंत. दोन वर्षं.”

“हिरा, मला एकदा बघायचं होतं,” रतन म्हणाले. “नुसतं लिहिलेलं वाचून लोक काय म्हणतात ते. कचेरीत आधी माझं आडनाव पोचायचं आणि मागून मी.”

“मग बघितलंत?”

“बघितलं.”

“आता तुम्ही लिहिताय का मी लिहू? मला टायपिंग येत नाही, पण मी दिवसभर बसेन.”

रतन यांनी लिहिलं. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी जितकं लिहिलं, त्याच्या पाचपट खोडलं. रागाचं सगळं गेलं. जे उरलं, त्याचं शीर्षक होतं ‘रतन बाबूराव ओव्हाळ’.

त्यात लिहिलं होतं की वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. छप्पन साली त्यांनी आईला नवं पांढरं लुगडं घेतलं आणि मला घेऊन ते नागपूरच्या दीक्षेच्या सोहळ्याला गेले. मी दहा वर्षांचा होतो, तरी गर्दीत पायाखाली सापडेन या भीतीनं त्यांनी तिथं मला खांद्यावर बसवलं. परत आल्यावर वडिलांनी मला पाटी आणून दिली आणि सांगितलं, अक्षर असं काढ की कुणाला नाव ठेवता येऊ नये. पुढं टंकलेखनाच्या परीक्षेत पहिला आलो, तरी चौदा वर्षं त्याच खुर्चीवर होतो. आखूड पायाची खुर्ची मला दिली गेली ती गुणी म्हणून नव्हे. शेवटी लिहिलं होतं, “मला बढती मिळाली ती राखीव जागेवर. ती आणखी कुणाची नव्हती, माझीच होती. त्या पदावर मी बावीस वर्षे काम केले. माझ्या लेखनात कुणाला चूक आढळली असेल, तर कृपया खाली नोंदवावी.”

तीन दिवस खाली काहीच आलं नाही. ज्या पानावर माणसं दुधाच्या पिशवीवरूनही भांडत, तिथं शुकशुकाट. चौथ्या दिवशी अनामिक आले. ते काय म्हणाले ते रतन यांनी वाचून दाखवलं नाही. हिराबाई स्वतः उठून स्क्रीनसमोर बसल्या आणि मनातल्या मनात वाचलं. नंतर काही चांगलीही पत्रं आली. लातूरहून एका शिक्षिकेनं लिहिलं की हा लेख वर्गात वाचला. दीनानाथांकडून मात्र काही नाही. रतन दिवसातून सात-आठ वेळा पान पुन्हा उघडून बघत. कशासाठी ते सांगत नसत.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दाराची बेल वाजली. हिराबाईंनी दार उघडलं.

“ओव्हाळ इथंच राहतात ना? मी दीनानाथ खांबेटे. शनिवार पेठेतून आलोय. दोन बस बदलाव्या लागल्या. चौकात नाव विचारत आलो.”

“या,” हिराबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात स्वागत किती आणि तपासणी किती, ते मला सांगता येणार नाही.

ते खुर्चीत बसले. पाणी प्यायले. रतन त्यांच्यासमोर उभेच होते.

“लेख वाचला,” दीनानाथ म्हणाले. “आपण चूक नोंदवा म्हणाला होतात. एक आहे. ‘दीक्षे’मधला ‘दी’ दीर्घ हवा. आपण ऱ्हस्व लिहिलाय.”

हिराबाईंनी श्वास आत ओढला. रतन मात्र हसले, अगदी नाकातल्या नाकात. खरं तर ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. दीर्घ ईसाठी शिफ्टचं बटण दाबून धरावं लागतं आणि माझं ते बटण त्या उन्हाळ्यात ढिलं झालं होतं.

“एवढ्यासाठी दोन बस बदलल्यात?” हिराबाईंनी विचारलं.

“नाही,” दीनानाथ म्हणाले. “दुसरी चूक माझी आहे. ती घरी बसून सुधारता येईना. बारा दिवस लिहितोय आणि फाडतोय. माझं म्हणणं इतकंच की, ओव्हाळ, मी आपल्याविषयी बोललोच नव्हतो.”

“माझ्याविषयीच बोललात,” रतन म्हणाले. “फक्त तुम्हाला माहीत नव्हतं.”

हिराबाई म्हणाल्या, “तीस जणांसमोर बोललात ना? मग इथं आमच्या कानात सांगून काय उपयोग? जिथं लिहिलंत तिथं लिहा. हा कॉम्प्युटर चालूच आहे.”

रतन यांनी आपली खुर्ची ओढून दिली. दीनानाथ माझ्यासमोर बसले. त्यांचं एकच बोट चाले. एकेक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागे. ‘माझा हेतू कोणाला दुखावण्याचा नव्हता’ एवढं लिहायला पाव तास गेला. हिराबाई मागं उभ्या राहून वाचत होत्या.

“हेतू कुणी विचारला?” त्या म्हणाल्या.

दीनानाथांनी खोडायचं बटण दाबलं आणि दाबून धरलं, पहिल्या अक्षरापर्यंत. मग नव्यानं लिहिलं. ते मला पाठ आहे. “रतन ओव्हाळ यांच्याविषयी आणि त्यांच्यासारख्यांविषयी मी काही न विचारता ठरवून टाकले होते. ते चूक होते. चाळीस वर्षे शिकवताना वर्गातही मी असेच ठरवत आलो असेन, ही भीती आता जात नाही. दीनानाथ विष्णू खांबेटे.”

त्या दुपारी ते जेवून गेले का? नाही. हिराबाईंनी विचारलं, ते नको म्हणाले, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहा मात्र घेतला. नेटवर पुढं दीनानाथांची त्यांच्याच ओळखीच्या लोकांनी टर उडवली, त्यांना म्हातारचळ लागला म्हणाले. त्यांनी उत्तर दिलं नाही. रतन यांच्या लेखांखाली ते पुन्हा लिहू लागले, पण पूर्वीसारखं लांबलचक नाही. ते दोघं घट्ट मित्र झाले असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. एकमेकांशी बोलताना दोघंही जपून बोलत. माझ्या मते ती मैत्रीपेक्षा अवघड गोष्ट होती आणि ती त्यांनी सहा वर्षं निभावली.

रतन दोन हजार चौदा साली गेले. घरात, झोपेत. तोवर लोक ब्लॉग सोडून फोनवर गेले होते. प्रतिक्रिया देण्याऐवजी अंगठा दाखवत होते. हिराबाई वारज्याला आम्रपालीकडे राहायला गेल्या आणि मी त्यांच्यासोबत गेलो. तिथं लॅपटॉप होता. मला कपाटावर ठेवलं गेलं. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी मला खाली काढत, पुसत आणि परत वर ठेवत.

गेल्या आठवड्यात सोसायटीत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करणारी गाडी येणार असल्याची सूचना लागली. आम्रपालीनं मला खाली काढलं.

“आई, हा देऊन टाकू?”

“दे,” हिराबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “यांचं लिहिलेलं कुठं आहे आता?”

“नेटवरच आहे ना. ती कंपनी बंद करत नाही तोपर्यंत राहील.”

“कंपनीच्या मर्जीवर नको. कागदावर छापून घे. सगळं.”

“लेख तीनशेच्या वर आहेत, आई. ठीक आहे, घेते छापून.”

“खालचं पण. लोकांनी लिहिलेलं.”

“कमेंट्स? त्यात घाण शिव्या आहेत. त्या कशाला? त्या काढते.”

“एक शब्द काढायचा नाही,” हिराबाई म्हणाल्या. “उद्या कुणीतरी म्हणेल, छे, आपल्याकडे असं काही नव्हतंच. तेव्हा दाखवायला काय आहे आपल्याकडे?”

आम्रपालीनं मला टेबलावर ठेवलं. तिच्या लॅपटॉपच्या बटणांचा आवाज येऊ लागला. माझ्यापेक्षा फार हळू आवाज असतो त्यांचा. मग छपाईचं यंत्र सुरू झालं आणि एकेक कागद बाहेर पडू लागला. हिराबाई तो उचलत, सारखा करत आणि खालच्यावर ठेवत.

गाडी रविवारी येते आहे. माझी काही तक्रार नाही. चालवणाऱ्याला एवढंच सांगणं आहे, माझी वायर नीट गुंडाळून घ्या, कुणाच्या पायात यायला नको. येतो.