बांधून ठेवलेली फांदी

गुलाम नबीनं चिमट्यानं फोटोचा कागद पाण्यातून उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि स्वतःशीच हसला. बुलबुलाचं घरटं असं उतरलं होतं, की काडी अन् काडी मोजून घ्यावी! आत तीन अंडी, आणि त्यांच्यावर ठिपक्यांची ही दाटी. रंगवायला कोण बसलं होतं कोण जाणे. अकोल्याच्या प्रदर्शनात आपल्याच फोटोपुढं गर्दी होणार, हे त्यानं मनात पक्कं करून टाकलं. उभा जन्म अमरावतीच्या या दुकानात लग्नाची जोडपी आणि रडकी पोरं काढण्यात गेला होता. एवढी हौस माणसाला माफ असावी.

मग त्याची नजर फोटोच्या कोपऱ्यात गेली. तिथं सुतळीचं टोक दिसत होतं.

"या अल्ला!"

काल सकाळी मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागेत घरट्यावर सावली येत होती, म्हणून त्यानं वरची फांदी ओढून सुतळीनं मागं बांधली होती. फोटो झाला की ती सोडायची असते. पण एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि हा गडी कॅमेरा काखेत मारून धावत सुटला. वैशाखातलं मोर्शीचं ऊन! त्यात उघडी पडलेली अंडी म्हणजे शिजायलाच ठेवली म्हणायची.

त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि कॅमेराही न घेता, तसाच हात हलवत स्टँडवर गेला.

दुपारी बागेत पोचला, तर राखणदार पुंजाजी विहिरीपाशी बसलेला.

"बरं झालं आले," तो म्हणाला. "आमच्या घरचीले सांगा काही. कालपासून येड्यावानी करून राहिली."

त्याची बायको पार्बताबाई त्या झाडापाशी उभी होती. दोन्ही हातांनी तिनं सूप वर धरलं होतं. सुपाची सावली घरट्यावर आणि ती स्वतः उन्हात. त्या सावलीत बुलबुल अंड्यांवर बसलं होतं.

"बाई, हे काय?"

"हळू बोला भाऊ, आताच बसलं ते." तिनं सूप जरा सावरून धरलं. "काल पाखरू चोच वासून धापा टाकून राहिलं होतं. मंग सूप आणलं. ऊन उतरल्यावर घरी गेली, सकाळी पुन्हा आली."

"अवो, फांदी सोडून द्यायची ना! कावून नाही सोडली?"

"तुमीच म्हणलं होतं, मी सांगतो तोवर फांदीले हात लावू नका, फोटो बिघडन." ती संकोचली. "मले वाटलं, चांगल्या फोटोले वेळ लागत असन."

वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हलू नका, हलू नका म्हणून ओरडत आला होता. दहा आकडे होईपर्यंतही कोणी धड ऐकलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं गाठ सोडली. फांदी हातानं सावरत हळूहळू खाली आणली. घरट्यावर पानांची सावली पडली. बुलबुलानं मान वाकडी करून दोघांकडं पाहिलं, पण उठलं नाही.

पार्बताबाईचं सूप अजून वरच होतं.

"झाला काय फोटो?" तिनं विचारलं.

गुलाम नबीनं रिकामे हात पाठीमागं नेले.

"झाला, बाई. बसा आता."