शिडी धरणारा

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. सध्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असते. माझ्या अंगावर इतक्या रंगांचे थेंब वाळले आहेत, की माझं मूळ लाकूड कसं दिसायचं हे मलाच आठवून पाहावं लागतं.

सुतारानं मला घडवलं तेव्हा माझ्या मालकानं, एका रंगाऱ्यानं, प्रत्येक पायरीवर उभं राहून पाहिलं आणि मगच मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्या सायकलला बांधून हिंडले. दवाखान्यांची छतं पाहिली, गोदामांची पाहिली, वर्गांचीही पाहिली. लोक रंगाचं कौतुक करत. शिडीचं कुणी करत नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. रंगाऱ्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतींचे मात्र पोपडे निघालेले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्याची एक सवय होती. चढण्याआधी तो माझ्या खांबावर हात ठेवी, वर पाही आणि म्हणे, "धर रे बाबा." हे देवाला उद्देशून असे. त्याचा सोबती बराच उंच होता, त्याला सगळे उंट म्हणत. रंगाऱ्याची बायको डबा घेऊन आली, की हमखास टोमणा मारी.

"देवाला दुसरे उद्योग नाहीत का? या भाऊजींना सांगा की धरायला. नुसतेच ताडासारखे वाढलेत."

"वहिनी, मी रंग कालवतोय."

"कालवा, कालवा. दमला असाल."

रंगारी वरून हसे. "देव धरतोय म्हणून तर तुझे टोमणे ऐकायला शिल्लक आहे मी."

एका दुपारी शाळेच्या सभागृहात काम होतं. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि कोपऱ्यात साबणाचं पाणी राहून गेलं होतं. कुणी ते मुद्दाम ठेवलं नव्हतं. रंगारी चढला. माझा पाय सरकला. तो पडला तो पुन्हा उठलाच नाही. मी त्याच्या शेजारीच आडवी पडले होते, पण त्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही.

उंटानं मला घरी आणून सोडलं. रंगाऱ्याची मुलगी परगावाहून आली, ती राहिली. "आई, ही शिडी देऊन टाकू या कुणाला तरी," ती म्हणाली. आई फक्त "असू दे" म्हणाली.

मित्रांनो, त्या बाईचं सगळं होत्याचं नव्हतं झालं होतं. ती भात दोघांचा लावी आणि अर्धा तसाच राही. ती प्रार्थनेला बसेना. संध्याकाळी मागच्या दारी येऊन मात्र वर आभाळाकडे पाहत देवाला हळूच म्हणे, "तुझ्याशी मला बोलायचं नाही." पण हे सांगायलाही ती रोज येई.

तिला एकच गोष्ट कुरतडत होती. त्या दिवशी तो "धर" म्हणाला होता का? म्हणाला नसेल, तर तो विसरला. आणि म्हणाला असेल, तर... याच्या पुढे ती कधी गेली नाही.

शेवटी एकदा उंट भेटायला आला, तेव्हा तिनं विचारलंच. "भाऊजी, त्या दिवशी ते म्हणाले होते का?"

उंट आपल्या चपलांकडे पाहत राहिला. "नाही, वहिनी. घाईत होता. तसाच चढला."

तो खोटं बोलत होता. वहिनींचा देव तरी वाचावा म्हणून त्यानं आपल्या मेलेल्या मित्रावर विसरल्याचा आळ घातला.

मुलगी चटकन म्हणाली, "झालं ना, आई? आता काढून टाक ते मनातून."

आईनं उंटाकडे नीट पाहिलं. "भाऊजी, तुम्हाला खोटं पचत नाही. ते डबा विसरायचे, छत्री विसरायचे. एकदा मलाच बाजारात विसरून घरी आले. पण हे ते विसरायचे नाहीत."

उंटाचा चेहरा वाकडातिकडा झाला. "म्हणाला होता, वहिनी. नेहमीसारखाच."

मग मुलीनं विचारलं, "मग देवानं का नाही धरलं?"

"मला काय माहीत?"

"आणि तरी तू रोज त्याच्याशीच बोलतेस."

"मग कुणाशी बोलू? तुला सांगावं तर तू रडतेस. भाऊजी खोटं बोलतात. तो निदान गप्प बसून ऐकून तरी घेतो."

तिला उत्तर मिळालं नाही, मित्रांनो. मलाही ठाऊक नाही. मी आयुष्यभर वरच पाहत आले, पण मला फक्त छतं दिसली. एवढं मात्र रोज पाहते, की सकाळी ती दाराची चौकट धरून उठते आणि पुटपुटते, "ऊठ म्हणतोस, उठते. पण माझं म्हणणं मिटलेलं नाही." मग पाणी भरते, चूल पेटवते. तेवढ्या बळावर दिवस जातो. जास्त बळ येत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. ज्याचं माणूस गेलं, त्याच्याकडे जाल तेव्हा कारणं घेऊन जाऊ नका. नुसते जा, बसा. त्याचं देवाशी भांडण चाललेलं दिसलं, तर मध्ये पडून ते मिटवू नका. ते माणूस त्या भांडणाच्याच आधारानं उभं असतं.