ओंडका ठोकून पाहावा

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. खिडक्यांना आम्ही काळा कागद चिकटवला होता आणि आमचे हे तोफांच्या कारखान्यातून बारा-बारा तास ड्यूटी करून येत होते. हे तिथे सुतार. तोफांची चाचणी होते त्याच अंगाला यांची शेड, गेली वीस वर्षं. एका रविवारी सुट्टी मिळाली तर माणूस झोपेल की नाही? पण कुंदाचं लग्न माघात, आणि लेकीला बापाच्या हातची काठवट द्यायची, म्हणून सकाळीच अंगणात ओंडका घेऊन बसले.

ओंडका शिसवीचा. आमच्याच शहरातल्या गोरखपूर बाजारातला लाकडाचा टालवाला म्हणाला, "बरगी के जंगल का माल है, भाभीजी." मला काही ते पटलं नाही. चाचणीच्या मैदानाकडची झाडं लोक चोरून तोडतात नि विकतात, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक. त्या खोडांत तोफगोळ्यांचे तुकडे रुतलेले असतात, काही न फुटलेलेही, आणि वरून साल भरून येते. मागच्या वर्षी पुंडलिक सुताराच्या हत्याराखाली असंच काही आलं, आणि ते फुटलं. पुंडलिकच्या उजव्या हाताला आता दोनच बोटं आहेत.

तेव्हापासून सुतारांच्या घरोघर रीत पडली. हत्यार लावायच्या आधी ओंडका हातोडीने इंचाइंचावर ठोकायचा आणि ऐकायचं. चांगलं लाकूड टक टक वाजतं. आत काही असेल तर आवाज बदलतो.

"गोल पटाशीनं हळूहळू कोरा," मी म्हटलं. पटाशी जरा जरा लाकूड काढते, आत काही लागलंच तर हाताला आधी कळतं.

"पटाशीनं कोरत बसलो तं कुंदाचं पोरगं शाळेत जाईन!" हे खेकसले आणि लाकूड तासायचा जड वाकस काढून ठेवला. अलीकडे यांचा आवाज चढलेलाच असे. रेडिओही असा लावत की शेजारच्या बेबीताई भिंत वाजवायच्या. लढाईने डोकं फिरलंय, असं मी धरून चालले होते. काय बाई मी तरी!

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. हे पाठमोरे. टक, टक, टक. मग ठण.

माझा हात सुपातच थांबला. यांनी हातोडी पुढे सरकवली, मागे आणली. पुन्हा ठण. यांनी समाधानाने मान हलवली, हातोडी ठेवली आणि वाकस उचलला.

"अहो!"

हे हातावर थुंकले.

"अहो, थांबा!"

आधी मला राग आला. इतका कसला हट्ट? तिसऱ्यांदा मी अशी किंचाळले की बेबीताई पळत दारात आल्या. यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा मी सूप टाकून उठले. वाकस वर गेला होता. मागून ओढावं तर तो खालीच येणार. मी धावत पुढे गेले आणि सरळ ओंडक्यावर बसले.

वाकस माझ्या गुडघ्यापासून वीतभर वर थांबला.

"मरायचं हाय का? काहून आली मधात? हाक मारता येत नाही?"

"मारली. तीनदा."

हे माझ्या ओठांकडे बघत होते. वाकस हळूच खाली ठेवला त्यांनी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. फॅक्टरीत बोलू नको, हेमा. काढून टाकतीन."

मी अजून त्या ओंडक्यावरच बसलेली.  शेवटी यांनीच हात दिला.

निरोप धाडल्यावर कारखान्याची माणसं आली आणि ओंडका वाळू भरलेल्या गाडीत घालून घेऊन गेली. आत काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दुपारी मैदानाकडून एक धमाका आला. रोजचाच असेल म्हणा. बेबीताईंच्या हातून भांडं पडलं. हे जेवत होते, जेवत राहिले.

पुढच्या रविवारी दुसरा ओंडका आला. हे हातोडीने ठोकतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी मान हलवली की वाकस उचलणार; यांची दहाही बोटं आता माझ्या कानांवर. टक, टक, टक. सगळं ठीकच वाजतंय. शेवटच्या टोकापर्यंत ठोकून झालंय, आणि हे थांबलेत.

माझी मान काही हलत नाही.