अंगणवाडीतल्या वजनकाट्याचा गोंधळ

मित्रांनो, पिंपळगाव राजाजवळच्या एका अंगणवाडीत दाराच्या चौकटीला एक गोल, जुना वजनकाटा टांगलेला आहे. तो मी. माझ्या काचेला तडा गेला आहे, निळा रंगही जागोजागी उडाला आहे. पण स्प्रिंग शाबूत आहे. माझ्या आकड्याला कापडी झोळी अडकवतात, झोळीत लेकरू बसवतात आणि माझा काटा फिरला की सगळ्यांच्या माना वर होतात. वजन दाखवायचं आणि गप्प राहायचं, एवढीच माझी अक्कल.

आमच्या सेविका महामायाताई वजन रजिस्टरात लिहितात. पण त्यांची आणखी एक वही आहे. 'हरिओमने आज हात न टेकता उंबरठा ओलांडला.' 'योगिनीने रडणाऱ्या मुलीला आपला अर्धा लाडू दिला.' रोज असं काहीबाही त्या टिपत असतात. मला हसू यायचं. ओलांडलेला उंबरठा किती ग्रॅम भरतो हो? वाढ म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे मी! असा माझा तोरा होता.

मग अर्पिताचं प्रकरण झालं. ही साडेतीन वर्षांची मुलगी. आई शेतात जाते, म्हणून तिला आजी घेऊन येते. आजी म्हणजे सुभद्राबाई, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या. सप्टेंबरात अर्पिताचं वजन मी दहा किलो सहाशे दाखवलं, ऑक्टोबरात दहा सातशे, नोव्हेंबरात दहा आठशे. कमीच, पण वाढतं. मी खूश होतो.

ताई मात्र खूश नव्हत्या. वहीत त्या वेगळंच लिहीत होत्या. अर्पिता ओट्यावर स्वतः चढायची, आता उचलून घ्या म्हणते. खिचडी ताटात तशीच राहते. हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते. ताई एकदा वहीकडे बघत, एकदा माझ्याकडे. मला काही सुधरेना. मी खोटं बोलतो आहे की काय?

शेवटी त्यांनी मिठाचा एक किलोचा पुडा माझ्या झोळीत ठेवला. माझा जीव खालीवर झाला. काटा फिरला आणि बरोब्बर एकवर थांबला. म्हणजे मी खरा! मग चुकतंय कोण?

दुसऱ्या दिवशी ताईंनी निरोप धाडून अर्पिताला पुन्हा वजनाला बोलावलं.

"ताई, पोरीले खोकला हाय, फ्रॉक नोका काढू," सुभद्राबाई घाईघाईने म्हणाल्या. दर महिन्याला त्या हेच म्हणत आणि ताईही पोरीच्या मायेने ऐकत. या वेळी ऐकलं नाही. फ्रॉक वर करताच कमरेला बांधलेली पुरचुंडी सुटली आणि फरशीवर तराजूची दोन लोखंडी मापं पडली. एक अर्ध्या किलोचं, एक दोनशे ग्रॅमचं.

मी दहा किलो शंभर दाखवले. वाढीच्या तक्त्यावरच्या लाल, धोक्याच्या रेघेच्याही खाली.

"मावशी, काऊन केलं असं?"

सुभद्राबाई मटकन खाली बसल्या. "लाल रेघेत गेली की दवाखान्यात नेतात, चौदा रोज ठेवतात. मायं पहिलं लेकरू असंच नेलं होतं, ते वापस नाही आलं. म्हून पयले दोनशेचं माप बांधलं, मंग अर्ध्या किलोचं, मंग दोन्ही. उभ्या जन्मात गिऱ्हाइकाले काटा नाही मारला ताई, न् नातीसाठी मारला."

ताईंचेही डोळे भरून आले. "फ्रॉक न काढता वजन घेतलं, हे मायंबी चुकलंच," त्या म्हणाल्या. मग शेजारी बसून त्यांनी वही वाचून दाखवली. ओटा, खिचडी, बांगडी. "हाव. घरीबी निजूनच राह्यते," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

"दवाखान्यात तुमी सोबत राहा तिच्या. मी रोज येऊन जाईन."

चौदा दिवस झोळी हलली की मला वाटे, अर्पिता आली. पंधराव्या दिवशी ती खरोखर आली. फ्रॉक आजीनेच काढला. मी किती दाखवले? दहा किलो सातशे!

"आठशे लिवलं होतं ना? मंग घटली का व ताई?" सुभद्राबाई घाबरल्या.

ताई हसल्या, त्यांनी जुने तिन्ही आकडे लाल शाईने खोडले आणि म्हणाल्या, "सहाशे ग्रॅम वाढली, मावशी."

मित्रांनो, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. मी तिन्ही वेळा खरं तेच दाखवलं आणि ते खोटं निघालं. आता तुम्हीच एक करा. घरातल्या लहान भावंडाकडे रोज नीट बघत जा. मला ते महिन्यातून एकदाच भेटतं. आणि हो, ते दहा सातशेसुद्धा मी अंदाजेच सांगतो आहे. झोळीत अर्पिता इतक्या लाथा झाडत होती की तिने माझा काटा एका जागी ठरूच दिला नाही.